आजीनंतरचं पाचवं पुट

मागीलदार | २ जून, रात्री १०:२०

आजी १२ मेच्या पहाटे गेली. वय ८६. गुहागरपासून थोडं आत आमचं घर आहे, तिथेच, स्वतःच्या खाटेवर, झोपेत. आदल्या संध्याकाळपर्यंत हिंडती-फिरती होती. मला पुण्यात साडेपाचला फोन आला. कुंभार्ली घाट उतरून घरी पोचेपर्यंत एक वाजला. सगळे माझ्यासाठी थांबले होते.

गेले वीस दिवस एक गोष्ट मनात घोळते आहे. घरात कुणाशी बोलायला धजत नाही, म्हणून इथे लिहिते. जरा लांबेल.

मे महिना म्हणजे आमच्याकडे आगोटीची धांदल. पाऊस पडायच्या आत लाकडं, गोवऱ्या, पापड, साठं, आमसुलं, सगळं आत यायला हवं. आजीने यंदाही रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, घातले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रातांबे फोडून बी आणि गर वेगळा काढतात, त्यात मीठ घालून रस सुटू देतात आणि सालं उन्हात टाकतात. सालं वाळली की त्या रसात बुडवायची, मुरू द्यायची, पुन्हा उन्हात. ह्या एका फेरीला म्हणायचं पुट. कुणी तीन देतात, कुणी पाच. आजी सात द्यायची. सात पुटं दिलेलं आमसूल काळंभोर होतं, बोटाला जरा चिकटतं आणि दोन वर्षं टिकतं.

पुटं मोजायला ती मागीलदारच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची. दर पुटाला एक. ११ तारखेच्या संध्याकाळी तिने चौथं पुट दिलं, चौथी रेघ ओढली, हात धुतले आणि पेज घेऊन झोपली.

पहिले तीन दिवस मागीलदारी कुणी फिरकलंच नाही. सालं रसात तशीच पडून. चौथ्या दिवशी मी पाणी काढायला गेले तेव्हा वास आला. वाईट नव्हता, आंबटसर, ओळखीचा. झाकण काढलं, तर सालं फुगून वर आलेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, सुतकात बरणीला हात लावू नये, नासतं. आम्ही गप्प बसलो. मग आत्या माजघरातून बाहेर आली. चार दिवसांत ती कुणाशी धड बोलली नव्हती. म्हणाली, "मीठ तिच्या हातचं पडलंय. आज उन्हात पडलं नाही तर बुरशी येईल. सुतक माणसांना आहे, उन्हाला नाही. चल गो, तट्टे काढ."

आम्ही दोघींनी खळ्यात तट्टे अंथरले आणि एकेक साल निथळून पालथं घातलं. चार पायल्यांचे रातांबे होते, दोन तास गेले. माझे हात मनगटापर्यंत जांभळे-लाल झाले. दुपारी सालं उलटायला गेले आणि सवयीने एक तोंडात टाकलं. लहानपणी सुट्टीत असंच चोरून खायचो आणि आजी आतूनच ओरडायची, "दात आंबतील!" दात आंबले. तोंडाला पाणी सुटलं. डोक्यावर ऊन, आगरातून वारा येत होता, माडाच्या झावळ्या वाजत होत्या, आणि मला छान वाटलं. खरंच छान वाटलं. दोन-तीन मिनिटं तरी आजी गेल्याचं मनात नव्हतं.

मग पडवीत बसलेले काका दिसले. गुडघ्यांत मान घातलेले. आणि माझं मलाच इतकं वाईट वाटलं की बाकीची सालं न उलटता आत जाऊन बसले.

तरी १७ तारखेला पाचवं पुट आम्हीच दिलं. रेघ कुणी ओढायची यावर आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्या उभ्या होतो. शेवटी आत्याने कोळसा माझ्या हातात दिला. आजीच्या चार रेघा सरळ, एका उंचीच्या. माझी पाचवी जरा तिरकी आली.

आता दहाव्याचं. पुरुषमंडळी गुरुजींबरोबर समुद्रावर गेलेली. मी घरी तट्ट्यांवर राखण, हातात शेलाटी. साडेअकराला चुलतभावाचा फोन, पिंडाला कावळा शिवत नाही. काकांनी सगळं बोलून झालं, आत्याला सांभाळू, घर विकणार नाही, झाडं तोडणार नाही. एकही येत नव्हता. फोन कानालाच होता आणि माझ्यासमोर, चार हातांवर, तट्ट्यावर एक कावळा उतरला. एक साल उचललं, मान हलवली, टाकलं. दुसरं उचललं. तेही टाकलं. तिसरं मात्र चोचीत धरून तो रहाटावर जाऊन बसला.

माझ्या हातात शेलाटी होती. मी हाकललं नाही. आत्या दारात येऊन उभी होती, तिनेही पाहिलं. ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसली आणि हसता हसता रडायला लागली. तिकडे शेवटी दर्भाचा कावळा केला. इकडचं आम्ही दोघींनी अजून काकांना सांगितलेलं नाही.

मला विचारायचंय ते हे. असे आनंद तुम्हाला आले का? आजी-आजोबा गेल्यावर, लगेच, त्याच दिवसांत? आले तेव्हा तुम्ही काय केलंत? कुणाला सांगितलंत का?

---

सुरंगी | २ जून, रात्री ११:०५

मागीलदार, आजींना नमस्कार. वाचून झाल्यावर बराच वेळ काही सुचलं नाही.

माझी आजी गेली तेव्हा मी नववीत होते. बाराव्याच्या दिवशी आम्ही भावंडं मागच्या पडवीत पत्ते खेळलो. आई रागावेल असं वाटलं होतं. तिने येऊन पाहिलं आणि काही न बोलता फणसाचे गरे ठेवून गेली. तेव्हा ती काय विचार करत असेल, हे आज कळतंय.

---

खाडीकाठ | ३ जून, सकाळी ७:५०

आमचं गाव दाभोळच्या खाडीवर. आजोबा जाऊन पाच वर्षं झाली.

त्यांनी मला एक हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. थोडाफार वेळ इकडेतिकडे होतो, पण कालवं काढायला जाणाऱ्याला तेवढं पुरतं. आजोबांकडे घड्याळ होतं, पण ते बघायचे पंचांग.

ते गेल्यानंतर आठवड्याभरात मला कामावर मुंबईला परत जावं लागलं. गाडीला नेहमीची गर्दी. समोरच्या माणसाच्या मोबाइलवर त्या दिवसाची तिथी दिसली, षष्ठी. डोक्यात आपोआप आलं, साडेचार. साडेचारला पाणी आमच्या पाखाडीच्या तिसऱ्या पायरीला लागलं असणार. अंधेरी ते दादर मी मनाने त्या पायरीवर बसून होतो. उतरलो तेव्हा हलकं वाटत होतं. वाईट अजिबात वाटलं नाही, हे खरं सांगतो. उलट हा हिशेब माझ्याकडे आहे याची श्रीमंती वाटली.

आता रोज सकाळी पहिल्यांदा तिथी बघतो. बायकोला सांगितलंय. मुलगी सहावीत आहे, तिला पाऊणपट शिकवली. ती माझ्यापेक्षा चटकन करते.

---

एकटा_माड | ३ जून, दुपारी २:१५

धागा चांगला आहे, पण मला वेगळं सांगायचंय, राग मानू नका.

मी बोटीवर असतो. आजीनेच मला वाढवलं, आई लहानपणी गेली. आजी गेली तेव्हा मी समुद्रात होतो, बंदर लागायला अकरा दिवस. अंत्यविधी फोनवर पाहिला. मधेच चित्र थांबायचं. जे थांबायचं तेच डोळ्यांत राहिलं आहे, चितेच्या बाजूला कुणाचे तरी निळे बूट.

त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. मला एकही असा क्षण आला नाही. लोक म्हणतात, छोट्या गोष्टींत आनंद शोध, फोटो काढ, चालायला जा. मी सूर्यास्त रोज बघतो, माझं कामच तसं आहे. काही होत नाही. तुमच्याकडे खळं होतं, आत्या होती, अर्धं राहिलेलं काम होतं. ज्याच्या हाताला काहीच लागलं नाही त्याने काय करायचं? आनंद आला नाही म्हणून आपण दगड आहोत असं वाटायला लागतं. हेही इथे कुणीतरी लिहायला हवं होतं.

---

मागीलदार | ३ जून, रात्री ९:३०

एकटा_माड, राग कसला मानायचा. निळ्या बुटांचं वाचून मी दुपारपासून त्याचाच विचार करते आहे.

तुमचं बरोबर आहे. मला ते काम हातात मिळालं. मी शोधायला गेले नव्हते. ते नसतं तर मीही काकांसारखी पडवीत बसले असते. इथे कुणी तुम्हाला आनंद शोधा म्हणणार नाही. निदान मी तरी नाही.

आजीबद्दल लिहावंसं वाटलं तर लिहा. काहीही. ती काय करायची, काय बोलायची.

---

निशिगंध | ३ जून, रात्री १०:४०

मी समुपदेशनाचं काम करते, रत्नागिरी जिल्ह्यातच. सल्ला म्हणून नाही, माहिती म्हणून दोन गोष्टी.

मागीलदारला जे अपराधी वाटलं, ते माझ्यासमोर बसणारे कितीतरी लोक सांगतात, आणि बहुतेक जण आवाज खाली आणून सांगतात. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी १९९९ साली मांडलं, की दुःखातला माणूस एका जागी बसून राहत नाही, तो ये-जा करतो. कधी गेलेल्या माणसाच्या ओढीत असतो, कधी समोरच्या कामात, स्वयंपाकात, आमसुलांत. काही काळ दुःखापासून लांब जाणं हा दुःखाचाच भाग आहे, त्यातून पळ काढणं नव्हे. तुम्ही साल तोंडात टाकलंत तेव्हा इकडे आलात आणि काका दिसल्यावर परत तिकडे गेलात. ही ये-जा चालू आहे हे चांगलं लक्षण आहे.

एकटा_माड, तुम्ही दगड नाही आहात. निरोपाला हजर नसणं, मध्येच थांबणारं चित्र, याने मन त्याच जागी अडकून राहू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत लांबलेल्या दुःखाची वेगळी नोंद आहे. मृत्यूला सहा महिने होऊन गेल्यावरही ओढ तितकीच तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर त्याला मदत लागते आणि त्या मदतीचा उपयोग होतो. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. जमिनीवर असाल तेव्हा एकदा करून पाहा.

---

मालवणी_गजाल | ४ जून, सकाळी ६:३०

माझो आजो जावन तीन वर्सां झाली. आजो म्हणजे दशावताराचो येडो. जत्रा खयची पण असूंदे, गोणपाट काखेत मारून जाणार, पुढच्या रांगेत बसणार आणि सकाळ झाल्याशिवाय उठणार नाय.

तो गेलो दिवाळीच्या आधी. पयल्या वर्साक जत्रेक जावचा नाय म्हणान आमी घराकच. देवूळ आमच्या घरापासून लांब नाय. रातचे बारा वाजले आसतले, वारो फिरलो आणि पखवाजाचो आवाज इलो. आये जागीच होती. म्हणाली, "संकासूर इलो वाटता." मी म्हटलय, होय. मगे आमी दोघाय चादर घेवन पडवेत बसलव. दिसत कायच नाय, नुसतो आवाज. पण आजान माका इतक्या येळा दाखवलेला की आता राजा इलो, आता लढाई सुरू झाली, सगळा आवाजारसून कळत होता. उजाडापर्यंत बसलव.

आये मधीच म्हणाली, "तुझ्या आजाक आज पुढची जागा गावली असतली."

माका त्या रातीइतकी बरी रात त्या वर्सात दुसरी गावली नाय.

---

अबोली | ४ जून, दुपारी ४:१०

सावंतवाडीकडची मी. मागीलदार, तुमच्या आजींनी बिया ठेवल्या होत्या का? कारण माझं सगळं त्या बियांशीच अडलंय.

आमची आजी रातांब्याच्या बिया टाकायची नाही. वाळवायची, फोडायची, कुटायची आणि मोठ्या टोपात पाण्यात उकळायची. वर तेल येतं, ते काढून निववायचं आणि थिजत आलं की मुठीत दाबून गोळे करायचे. मुठीत वळतात म्हणून त्याला मुठेल म्हणतात. पायाच्या भेगांना, ओठांना, गुरांच्या जखमांना, सगळ्याला तेच.

आजी गेल्या वर्षी श्रावणात गेली. माझ्याकडे तिने केलेला एक गोळा आहे. पांढरट, अंड्याएवढा. त्याच्यावर तिची चार बोटं उमटलेली आहेत. करंगळी वाकडी होती तिची, ती वाकडीच उमटली आहे. एका बाजूला तळहाताची रेषासुद्धा दिसते. मी तो स्टीलच्या डब्यात ठेवलाय. कधीतरी काढते आणि माझी बोटं त्या खाचांत बसवून बघते. बसत नाहीत, तिचा हात लहान होता. पण तेवढं केलं की दिवस बरा जातो. हा माझा आनंद, मोठा म्हणा नाहीतर छोटा.

अडचण अशी, की थंडीत माझ्या टाचा फुटतात आणि आई म्हणते, "लावायलाच केलंय तिने, लाव." आईचं चूक नाही. पण लावलं की झिजणार. अंगाच्या उबेनेही मऊ पडतं ते. तुम्ही काय केलं असतं?

---

खाडीकाठ | ४ जून, संध्याकाळी ७:००

अबोली, मी ठेवलं असतं. मुठेल दुसरं मिळेल, करंगळी मिळणार नाही.

---

सुरंगी | ४ जून, संध्याकाळी ७:२५

मी लावलं असतं. एका टोकाला, जिथे बोटं नाहीत तिथून.

---

तुळशीवृंदावन | ५ जून, सकाळी ११:३०

मी ७४ वर्षांची आहे. नातवाने हे अॅप घालून दिलं, एका बोटाने लिहिते आहे, म्हणून उशीर.

मागीलदार बाळा, आधी कामाचं सांगते. सातवं पुट झालं असेल तर सालं कडक वाळवू नकोस, हाताला लवचीक लागली पाहिजेत. उन्हातून काढून लगेच बरणीत भरू नकोस, रात्रभर निवू दे, नाहीतर आत वाफ धरते. तळाला आणि वर मिठाचा थर. ओला हात लावायचा नाही. पावसाळ्यात लागतील तेवढी आधीच छोट्या बरणीत काढून ठेव, मोठी उघडूच नकोस. आगळ काढलं असशील तर ते वेगळ्या बाटल्यांत.

आता दुसरं. तू विचारलंस, तुम्ही काय केलंत. माझी आजी गेली तेव्हा मी बारा वर्षांची. तिच्या मागे तिची गाय होती. सुतकातच व्याली. आजी असती तर रात्रभर गोठ्यात बसली असती, म्हणून मी बसले. पाडी झाली. ओली, थरथरणारी. मी तिला गोणपाटाने पुसलं. घरात रडारड आणि मी गोठ्यात हसते आहे, असं सगळ्यांनी पाहिलं. कुणी बोललं नाही. आजोबा नुसते येऊन म्हणाले, "चीक कुणी काढायचा आता?" मीच काढला. पहिल्यांदा. आजीने मला कधी काढू दिला नव्हता.

बासष्ट वर्षं झाली. आजीचा चेहरा मला आता नीट आठवत नाही गं. पण त्या पाडीचा ओला वास आठवतो आणि त्याच्यामागे ती उभी असते.

अबोली, आईचं ऐक. आणि रातांब्याच्या हंगामात बिया आण, मी कृती सांगते. तुझ्या मुठीचा गोळा कर.

---

अबोली | ५ जून, दुपारी १:०२

आजी, तुम्हाला आजीच म्हणते. लावीन. आणि बिया घेऊन तुमच्याकडे येईन, ये म्हणालात तर.

---

मागीलदार | ५ जून, रात्री १०:००

तुळशीवृंदावन आजी, तुमचा प्रतिसाद आत्याला वाचून दाखवला. तिने मधेच थांबवून मिठाच्या थराचं पुन्हा वाचायला लावलं. आम्ही वर घातलाच नव्हता. आज घातला.

सहावं पुट १९ ला आणि सातवं २२ ला दिलं. २५ ला रोहिणी लागतात, त्याच्या आत भरायची अशी आजीची पद्धत होती. २४ ला संध्याकाळी बरणी भरली आणि फडकं बांधलं. दादरा बांधताना ती सुतळीला जी गाठ मारायची ती आम्हाला कुणालाच येत नव्हती. काकांना येत होती. ते पडवीतून उठून आले, गाठ मारली आणि परत जाऊन बसले. पण आले. दहाव्यानंतर आपणहून घरातल्या कामाला हात लावण्याची ती त्यांची पहिली वेळ.

बिया होत्या, अबोली. आत्याने वाळवल्या आहेत. पुढचं आम्हाला येत नाही, त्यामुळे आजी, मी पण येणार.

---

एकटा_माड | ३० ऑगस्ट, रात्री ११:४०

बरेच दिवस नव्हतो इथे. सुट्टीवर घरी आलोय, देवगड तालुक्यात. गणपतीसाठी आलो.

निशिगंधताई, त्या क्रमांकावर फोन केला होता. तीनदा बोललो. बोटीचं, बुटांचं. पुढे कणकवलीला एका डॉक्टरांकडे जातोय. एवढंच सांगतो सध्या.

मागीलदार, तुम्ही म्हणालात आजीबद्दल लिहा. आज लिहितो.

आमच्याकडे गणपतीच्या वर माटवी बांधतात. लाकडी चौकट, तिला रानातली फळं-फुलं टांगायची. ही आजीची जबाबदारी. ती मला घेऊन सड्यावर, कातळाच्या माळावर, जायची. प्रत्येकाचं नाव सांगायची आणि मी परत म्हणायचं. दोन वर्षं घर बंद होतं, यंदा मीच चौकट खाली काढली. जाळी झालेली. गेल्या खेपेच्या सुतळ्या तशाच होत्या, तिने बांधलेल्या.

आज सकाळी एकटाच सड्यावर गेलो. पाऊस भुरभुर. काय काय आणायचं ते ठाऊक नव्हतं, आधी कधी लक्षच दिलं नव्हतं. पहिलं दिसलं ते कवंडळ. लालभडक, वेलीला लोंबणारं. तोंडातून नाव निघालं. मोठ्याने, आजीच्या सुरात. मग तेरडा. मग हरणाची पिवळी फुलं. मग शेरवड. कांगणी. एकेक नाव मी मोठ्याने म्हणत चाललो होतो, सड्यावर दुसरं कुणी नव्हतं. पाच झाली. सहावं समोर होतं, पांढुरकं, बारीक, आणि त्याचं नाव काही केल्या आठवेना. तसंच तोडून आणलं.

आनंद झाला का, मला नाही सांगता येणार. पण भूक लागली. घरी येऊन तीन घावणे खाल्ले. भूक लागली हे मला वेगळं कळलं, कारण बरेच दिवसांत तशी लागली नव्हती.

फोटो टाकतोय. सहाव्याचं नाव कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

मालवणी_गजाल | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:१५

फोटो धुकट इलो हा. परत काढ, पानां दिसतीत असो. आयेक दाखवतय.

---

मागीलदार | ३१ ऑगस्ट, सकाळी ८:४५

एकटा_माड, तीन घावणे वाचून आत्याने टाळी वाजवली. खरंच वाजवली.

आमच्याकडे गणपती यंदा साधा, दीड दिवसांचा. काल भिंतींना रंग लावायला माणूस आला. मागीलदारी गेला आणि ओरडून विचारलं, "ह्या रेघा घासून काढू काय?" मी धावले, पण काका माझ्याआधी तिथे होते. ते भिंतीसमोर उभे राहून रेघा मोजत होते. सात मोजल्या. मग पाचवीवर बोट ठेवून मला विचारलं, "ही तिरकी कुणाची?"

मी माझी म्हटलं. आणि तिथेच त्यांना कावळ्याचं सांगितलं. तट्टा, तीन सालं, रहाट, सगळं.

काका रहाटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग रंगाऱ्याला म्हणाले, "एवढा वीतभर चौकोन सोड. बाकी सगळं रंगव."